एचएमटीच्या दाण्याएवढी पेस्ट

पूर्व विदर्भातल्या वडशात नाटकाची कंपनी कोणतीही असो, मागचा पडदा एकेकाळी लच्छूभाऊंचाच असायचा. राजवाडा, जंगल, चांदणी रात, सगळं तीस वर्षं त्यांनीच रंगवलं. मग रंगमंचावर एलईडीच्या भिंती आल्या आणि पडदे गुंडाळून माळ्यावर गेले. दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. या गड्यानं पन्नाशीत कॉम्प्युटर उघडायला शिकून घेतलं आणि घराच्या पुढच्या खोलीतच दुरुस्तीचं दुकान थाटलं.

त्या दुकानाची पायरी चढताना मोनालीचे पाय जड झाले होते. एलईडीसाठी हलणारी दृश्यं बनवायला ती नुकतीच लागली होती, म्हणजे ज्यानं लच्छूभाऊंच्या पोटावर पाय आला तेच हे काम. पण करते काय? तिचं पहिलंवहिलं जंगलाचं दृश्य पाच वाजेपर्यंत कंपनीला द्यायचं होतं. नाही दिलं तर मॅनेजर जुना पडदा टांगणार आणि तिला पुन्हा कोणी काम देणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि बरोबर आणलेला तिचा कॉम्प्युटर दहा मिनिटं चालला की तापून बंद पडत होता.

"काल मीच चिप थंड ठेवायची पेस्ट बदलली भाऊ, व्हिडिओ पाहून," ती चाचरत म्हणाली. "तवापासून जास्तच बिघडलं."

लच्छूभाऊंनी ग्राफिक्स कार्ड बाहेर काढलं, स्क्रू सैल केले आणि वरचा पंख्याचा भाग अलगद उचलला. खाली आरशासारखी चकचकीत चिप होती. मधोमध पेस्टचा करडा ठिपका, चारही कोपरे कोरडे ठणठणीत. ते पाहून त्यांना हसूच फुटलं.

"व्हिडिओवाल्यानं काय सांगतलं?"

"तांदळाच्या दाण्याएवढी लावा म्हणे."

"मंग तू कोणता तांदूळ धरला?"

मोनाली गोंधळली. "घरचा. एचएमटी."

"तरीच! इतला बारीक दाणा त्यानं कुठी पाह्यला असन? अन् दाण्याचा हिसाब प्रोसेसरचा हाय. त्याच्या डोक्यावर धातूचं झाकण रायते. इथी चिप उघडी हाय बाई. कोपरा सुटला का तापला."

जुनी पेस्ट त्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून काढली. खणात दोन ट्यूब होत्या. पातळ पांढरी त्यांनी मागे सारली, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती चिपवरून सरकून जाते. घट्ट करडी घेतली आणि प्लास्टिकच्या पट्टीनं ती कोपऱ्यापर्यंत ओढू लागले. साठीचा हात, पण थरथर म्हणून नाही. मोनाली जवळ वाकून पाहू लागली. इतका सारखा, इतका पातळ थर तिनं कधी पाहिला नव्हता.

"चिपचे अन् वरच्या भागाचे डोळ्याले न दिसणारे खड्डे भरले का बस," ते म्हणाले. "जास्त लावली तं पेस्टचीच गोधडी होते." मग विहारात बोलतात तसा त्यांचा आवाज खाली आला. "नखाएवढ्या ह्या तुकड्यात करोडो खटके हायेत म्हनते. अन् त्यायचा जीव ह्या पापुद्र्यावर. मले तं अजून खरं वाटत नाई."

समोरासमोरचे कोपरे धरून त्यांनी स्क्रू थोडे थोडे आवळले आणि मशीन सुरू केलं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. काल एकशे पाच अंशांना जाऊन बंद पडणारं कार्ड बहात्तरवर थांबलं ते थांबलंच. मोनालीचा जीव भांड्यात पडला.

तिथंच बसून तिनं उरलेलं काम केलं आणि चारच्या सुमारास दृश्य पूर्ण झालं. तिनं ते चालवून पाहिलं. मोहाची झाडं, मागे डोंगर, आणि फांद्यांतून शिरणारा वारा. लच्छूभाऊ उठून स्क्रीनजवळ आले. आता काहीतरी बोलायलाच हवं म्हणून मान खाली घालून ती म्हणाली, "भाऊ, तुमचे पडदे..."

त्यांना ते ऐकूच गेलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते.

"पान हालून राह्यलं," ते म्हणाले. "तीस वर्सं जंगल रंगवलं पोरी. माह्या हातानं एक पान हाललं नाई."

मग ते मागच्या दाराकडे वळले. आत त्यांची बायको होती, तीस वर्षं त्यांचे रंग खलून देणारी.

"कमळे, राहू दे काम! लवकर ये इथी! आपलं जंगल हालून राह्यलं!"