शालिनीकाकींच्या हातची मापं

शालिनीकाकींची आणि माझी ओळख झाली, ती मी पाठीला पोक काढून चालत होते म्हणून. मी तेव्हा दहावीत होते. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये रोज सकाळी मैदानावर कवायत असे आणि सिस्टर रांगेतून फिरत प्रत्येकीचे खांदे मागे ओढत. त्या पुढे गेल्या की माझे खांदे पुन्हा पुढे येत. नववीपर्यंत मी शाळेत सगळ्यांत पुढे धावणारी मुलगी होते. दहावीत पोटदुखीचं निमित्त सांगून बदामाच्या झाडाखाली बसू लागले होते.

कारण साधं होतं. आईनं माझ्यासाठी बाजारातून ब्रा आणली होती ती अंदाजानं, आणि तीही एक माप मोठी. शाळेचा युनिफॉर्म जसा वाढत्या अंगाचा घ्यायचा, पुढच्या वर्षीही व्हायला हवा म्हणून, तशीच. आमच्याकडे सगळ्याच आया असं करत. तिचा पट्टा सारखा खांद्यावरून घसरायचा. एक हात खांद्यावर ठेवून कुणाला शर्यत धावता येत नाही.

युनिफॉर्मची बटणं घ्यायला आई मला मालवणच्या बाजारात काकींच्या यजमानांच्या दुकानात घेऊन गेली. पुढे बटणं, दोरे, लेस आणि मागे एक फुलाफुलांचा पडदा. पडद्यापाशी तरुण काकी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आईला विचारलं, "वैनी, ह्या चेडू वाकान कित्याक चलता?"

"वय आसा तां. लाजता," आई म्हणाली.

"लाजणा नाय. पट्टो धरून चलता."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण काकींनी फक्त पडदा जरासा बाजूला केला आणि वाट पाहिली. आत दोघींना वळता येईल एवढीही जागा नव्हती. एक आरसा, एक स्टूल. मी बटणं काढेपर्यंत काकी पाठ करून उभ्या राहिल्या. मग त्यांनी गळ्यातली टेप काढली, आधी छातीखालून फिरवली, मग छातीवरून. आकडा तोंडानं उच्चारला नाही, टेपवर फक्त बोट टेकवून मला दाखवला. एक ब्रा घालायला दिली, पाठीमागचा पट्टा सरळ आडवा बसला आहे का ते पाहिलं, खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून पाहिली आणि म्हणाल्या, "आता धाव."

"खंय?"

"हंयच. जागेर धाव."

त्या एवढ्याशा खोलीत, आरशासमोर, मी धावले. दोन्ही हात मोकळे सोडून.

बाहेर आल्यावर काकी आईला म्हणाल्या, "वैनी, तुमी पण येवा. बघतंय एकदा." आई हसली. "माझा काय आता? माझा झाला सगळा." आणि ती बटणं निवडायला वळली.

त्या वेळी आई चाळिशीचीही नव्हती.

काकींचं माहेर गोव्याच्या सीमेजवळचं. त्यांची मावशी म्हापशाला ख्रिस्ती नवऱ्यामुलींचे लग्नाचे पोशाख शिवायची. सुट्टीत तिच्याकडे राहून काकी माप घ्यायला शिकल्या. लग्न होऊन मालवणात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की इथल्या बायका ब्लाउजचं माप शिंप्याकडे बिनदिक्कत देतात, पण ब्रा मात्र नवरे, दीर, कुडाळच्या बाजाराला गेलेलं कुणीही, जमेल त्या आकड्यानं घेऊन येतं. काकींनी यजमानांना सांगून दुकानाच्या मागच्या बाजूला पडदा लावला. यजमानही मनाचे मोठे. आत कुणी बाई गेली की ते काउंटरवरचा रेडिओ मोठा करत, म्हणजे आतलं बोलणं रस्त्यावर जाऊ नये. बाजारातले लोक त्यांना चिडवत, "भाऊ, आज क्रिकेट खंय आसा?" भाऊ म्हणत, "आसा खंय तरी."

माप घेतल्याशिवाय विकायचं नाही, हा काकींचा नियम. एकदा आंबोलीकडचा एक माणूस बायकोसाठी घ्यायला आला होता. हातानं हवेत काहीतरी आकार करून दाखवू लागला, तेव्हा काकींनी त्याला बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, "भावोजी, ह्या काय भोपळो न्हय. बायलेक घेवन येवा." तो कुरकुरत गेला. पुढच्या खेपेला बायकोला घेऊन आला आणि भाऊंबरोबर रेडिओ ऐकत बसला.

त्यांची माप घेण्याची एक खास तऱ्हा आहे, ती मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही. ब्रा घालून झाली की त्या म्हणतात, "तुझा रोजचा काम करून दाखय." मासळी विकणाऱ्या बायका डोक्यावर पाटी घेतल्यासारखे हात वर करतात. शेतावरच्या बायका लावणी लावताना वाकतात तशा वाकतात. मी कुडाळच्या शाळेत शिकवायला लागले तेव्हा मला त्यांनी भिंतीवर बोटानं फळा लिहायला लावला होता. उभ्या बाईच्या अंगाला जे नीट बसतं ते कामाच्या बाईला बसेलच असं नाही, असं त्यांचं म्हणणं. "वझा खालच्या पट्ट्यान घेवचा, खांद्यान न्हय," हे वाक्य तर इथल्या कित्येकजणींना पाठ असेल.

आणखी एक गोष्ट त्यांनी आम्हाला शिकवली. आपल्या दमट हवेत बायका ब्रा टॉवेलखाली लपवून वाळत घालतात. ती ओलसरच राहते, इलॅस्टिक कुजतं, अंगाला पुरळ येतं. काकींच्या मागच्या अंगणात त्यांच्या स्वतःच्या ब्रा दोरीवर, भर उन्हात, ओळीनं वाळत असतात. शेजारच्या आजींनी एकदा हटकलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चोरून आणलंय काय मी? इकत घेतलंय." काकींच्या ज्या सत्कारासाठी मी हा लेख लिहिते आहे, त्याच्या पत्रिकेत त्यांच्या कामाबद्दल काय लिहावं यावर आमची बैठक बराच वेळ अडली होती. 'महिला वस्त्रक्षेत्रातील योगदान' असं काहीतरी ठरत आलं होतं. कोपऱ्यात बसलेल्या काकी म्हणाल्या, "सरळ लिवा मां, ब्रा इकतंय म्हणान." पत्रिकेत तसंच छापलं आहे.

पण मला लिहायचं आहे ते आईबद्दल. काकींचा मोठेपणा मला कळला तो आईमुळे.

आई आम्हा तिघी बहिणींना काकींकडे नेत राहिली. स्वतः मात्र कधी पडद्याआड गेली नाही. ती जुन्या मलमलीच्या बॉड्या घरी हातानं शिवायची. त्यांच्या बारीक पट्ट्यांनी तिच्या दोन्ही खांद्यांवर खाचा पडल्या होत्या, काळ्या, बोट बसेल अशा. संध्याकाळी ती त्यांना खोबरेल चोळायची आणि म्हणायची, वय झालं. मान दुखायची, तेही वय. पाठ दुखायची, तेही वय. ती पस्तिशीची होती तेव्हाही वय झालेलं होतं आणि पन्नाशीची झाली तेव्हाही.

असं का, ते तिनं मला फार उशिरा सांगितलं. लग्न होऊन आली त्या वर्षी ती एका मोठ्या गावच्या दुकानात गेली होती. दुकानदारानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माळ्यावरच्या माणसाला मोठ्यानं आकडा ओरडून सांगितला. काउंटरवरचे लोक हसले. आई काही न घेता परत आली. त्यानंतर तिनं कुणालाच आपलं माप घेऊ दिलं नाही.

काकींना ही हकिगत ठाऊक नव्हती. तरी त्यांनी कधी आईला आग्रह केला नाही. दर खेपेला निघताना फक्त विचारायच्या, "वैनी, कधी येतास?" आई म्हणायची, "बघूया." वर्षांमागून वर्षं हेच. मला मात्र दर वेळी वाटायचं, आज जाईल. रेडिओ मोठा झाला की मी आईकडे बघायची. ती बटणांच्या डबीत बोटं फिरवत असायची.

मग माझी लेक वयात आली आणि तिला घेऊन मी काकींकडे गेले. आईही सोबत होती. तिनं साठी ओलांडली होती. लेकीचं माप झालं, ती आरडाओरडा करत बाहेर आली. आई बाहेर काउंटरजवळच्या स्टुलावर बसली होती आणि तिनं नकळत खांद्याच्या पट्ट्याखाली बोट घालून तो जरा उचलला. काकींनी ते पाहिलं. त्या बाहेर आल्या, आईच्या पायाशी जमिनीवर बसल्या, गळ्यातली टेप काढली आणि आईच्या हातात दिली.

"वैनी, सगळ्यांका मी मापतंय. माझा माप इतक्या वर्षांत कोणी घेवक नाय. तुमी शिवणा जाणतास. माझा घेवा."

आईनं टेपकडे पाहिलं, मग काकींकडे. भाऊंनी न सांगता रेडिओचा आवाज वाढवला. दोघी आत गेल्या. तरीही पडद्याजवळ उभ्या असलेल्या आम्हाला ऐकू येत होतं.

"हात वर कर गो. हलां नको."

"टेप घट्ट झाली, वैनी."

"घट्ट नाय, तू जाडी झालंस." दोघींचं हसू. मग काकींचा आवाज, "आता तुमी हात वर करा."

"आरसो फिरय आदी."

आरसा भिंतीकडे फिरवल्याचा आवाज आला. बराच वेळ गेला. मग काकी म्हणाल्या, "आता रोजचा काम करून दाखवा."

"माझा कसला काम?"

"दिसभर काय करतास तां."

पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. त्याखालून मला आईची पावलं दिसत होती. एक पाऊल पुढे सरकलं. टाच उचलली, टेकली, पुन्हा उचलली. आई विहिरीचं पाणी ओढत होती. आमच्या विहिरीवर पंप बसून कितीतरी वर्षं झाली होती. तरी रोजचं काम म्हटल्यावर तिच्या अंगाला तेच आठवलं.

दुकानातून आम्ही बंदरापर्यंत चालत गेलो. धक्क्यावर बसल्यावर तिनं आपल्या मानेवरून हात फिरवला, खांदे वर-खाली केले आणि समुद्राकडे बघत म्हणाली, "म्हणजे तां वय नव्हता गो."

त्या एका वाक्यात तिची किती वर्षं होती, ते मी अजून मोजू शकलेले नाही. मोजावंसंही वाटत नाही. फक्त कधीतरी वाटतं, ती चाळिशीच्या आत असताना, मी धावले त्याच दिवशी, ती आत गेली असती तर कशी चालली असती? ताठ चालणारी तरुण आई मी पाहिलीच नाही. ती बघायची ओढ अजून जात नाही.

पुढे आई अंथरुणाला खिळली. हात मागे नेता येईना. तेव्हा काकी रिक्षानं आमच्या घरी येत. पुढे हुक असलेली मऊ सुती ब्रा त्यांनी आईसाठी स्वतः शिवली. आई उतरत गेली तशी दर खेपेला माप बदलत गेलं. काकी आकड्याबद्दल कधीच बोलल्या नाहीत. शिवण उसवायच्या, आत घ्यायच्या, पुन्हा घालायच्या. एकदा आई म्हणाली, "कित्याक गो ह्या सगळा? माका आता खंय जावचा आसा?"

"तुमका जावचा नाय, वैनी," काकी हुक लावत म्हणाल्या. "माका येवचा आसा."

त्या शेवटपर्यंत येत राहिल्या.

आई गेल्यावर तिच्या साड्या आम्ही बहिणींनी वाटून घेतल्या. धुऊन धुऊन त्यांचा वास गेला. तिचा आवाज कुठे साठवलेला नाही. फोटोत आहे ती खांद्यांपर्यंतची आई. तिचं अंग, तिची जवळ घेण्याची ऊब, हे सगळं कुठे शोधायचं ते मला कळत नव्हतं.

गेल्या महिन्यात हा लेख लिहिण्यापूर्वी मी काकींकडे गेले. जुनी ब्रा सैल झाली होती. भाऊ आता नाहीत आणि रेडिओही नाही. काकींचे हात जरा थरथरतात, पण टेप फिरवली की थांबतात. छातीखालून, मग छातीवरून. टेपवर बोट टेकवून त्यांनी नेहमीसारखा आकडा मला दाखवला आणि तिथेच थांबल्या. टेप सोडेनात.

"काय झालं, काकी?"

"ह्या माप तुझ्या आवशीचा, गो," त्या हळूच म्हणाल्या. "पयल्या दिसाचा. जसाच्या तसा."

मी आरशात पाहिलं. मग आम्ही दोघींनी पाहिलं.

शालिनीकाकींचे गुडघे त्यांना पडद्याआड उभं राहू देवोत, डोळ्यांना टेपवरच्या बारीक रेघा दिसत राहोत आणि मालवणच्या बायकांना त्यांच्या हातचं माप अजून पुष्कळ वर्षं मिळो, हे मागणं आम्हा सगळ्यांचं आहे. माझं आणखी एक आहे. आईची पुढची मापं मला अजून यायची आहेत. ती एकेक करून आली की ओळखायला काकी हव्यात.