फिकी पट्टी

लोकांनी त्यांचं नाव आमेनबाई ठेवलं आणि खरं नाव हजेरीपटात धूळ खात पडलं. हॉस्पिटलच्या तळघरात शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेत निर्जंतुक करायची खोली आहे, तिथं त्या बावीस वर्षं काम करत आल्या होत्या. ट्रे आत ठेवून मशीनचं दार लावलं की त्या तळहात त्यावर टेकवायच्या, डोळे मिटायच्या, ही हत्यारं ज्याच्या अंगाला लागणार त्याच्यासाठी देवाशी दोन शब्द बोलायच्या आणि शेवटी खणखणीत म्हणायच्या, "आमेन!"

ट्रॉलीवाल्याला याचं भारी हसू यायचं. त्याला सगळे पैलवान म्हणत, कारण जोराचा वारा सुटला तर तो ट्रॉलीला धरून उभा राहील अशी त्याची तब्येत. "बाई, देवाला एवढं सांगा, लिफ्टही दुरुस्त कर म्हणावं," हे त्याचं रोजचं.

काम तसं सोपं. कापडात बांधलेल्या प्रत्येक ट्रेवर एक कागदी पट्टी. तिच्यावरच्या रेघा आधी फिक्या असतात, वाफ नीट लागली की काळ्या पडतात. काळी पट्टी बघायची, सोलून वहीत चिकटवायची, सही ठोकायची, मग ट्रे वर पाठवायचा. पुडक्याच्या आतही अशीच एक पट्टी असते, ती वरच्या लोकांनी बघायची. बोटभर कागद, पण तो फिका असताना हत्यार पोटात गेलं तर माणूस जिवाला मुकतो.

त्या मंगळवारी बाईंचं डोकं रविवारच्या उपासनेत होतं. पाळकसाहेबांनी त्यांना साक्ष द्यायला सांगितली होती, देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्या मंडळीपुढं सांगायचं. वाक्य तयार होतं : "बावीस वर्षांत माझ्या हातून एकही ट्रे चुकीचा गेला नाही, ही प्रभूची कृपा." सकाळपासून त्या ते मशीनला म्हणून दाखवत होत्या. 'कृपा' शब्दाला आवाज किती खाली आणावा, यावर विचार चालला होता. कृपा प्रभूची, पण वाक्यात बाईच जास्त दिसत होत्या. हे त्यांना अजून कळायचं होतं.

पावणेदहाला त्यांनी वही उघडली. त्या दिवशीच्या सहा पट्ट्या. पाच काळ्या. सहावी फिकी, आणि तिच्याखाली त्यांचीच सही.

मशीनमध्ये एका वेळी पाचच ट्रे बसतात. सहावा दुसऱ्या फेरीसाठी बाजूला ठेवायचा होता. साक्ष घोकता घोकता त्यांनी तो स्वच्छ ट्रेंच्या फळीवर ठेवला होता, आणि त्याच नादात पट्टी सोलून चिकटवलीही होती. पैलवान तो साडेनऊला ट्रॉलीवर घालून मागच्या लांबच्या उतारानं वर घेऊन गेला होता. दहाचं ऑपरेशन होतं, सात वर्षांच्या मुलीच्या पोटाचं.

त्यांनी फोन लावला. वर घंटी वाजत राहिली, कुणी उचलेना. लिफ्ट अर्थातच बंद. गुडघे धरून त्या जिन्यानं पळत सुटल्या.

पहिल्या मजल्यापर्यंत त्यांच्या मनात फक्त ती पोर होती. दुसऱ्या मजल्यावर त्यांना स्वतःची नोकरी आठवली. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्या चढताना एक सोयीची गोष्ट सुचली. पुडकं ओलं राहिलं की ट्रे परत घ्यायचा, असा नियमच होता. ओलं होतं म्हणावं, परत घ्यावं, वहीतली पट्टी बदलावी. पोरगी वाचेल, नावही वाचेल. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही.

दार ठोठावलं. मोठ्या सिस्टर बाहेर आल्या. ऑपरेशनच्या खोलीचा सगळा कारभार त्यांच्या हातात. आत मुलीला भूल देणं चाललं होतं.

"सहा नंबरचा ट्रे उघडला?" बाईंना धाप लागली होती.

"आता उघडतोय. का?"

"उघडू नका. पुडकं... ओलं राहिलंय."

सिस्टर आत गेल्या आणि बांधलेला ट्रे आणून त्यांच्या हातात दिला. "कपाटातला दुसरा काढलाय." बाईंच्या जिवात जीव आला. पण सिस्टरांचं बोलणं संपलं नव्हतं. त्या कोपऱ्यातल्या ट्रॉलीकडं वळल्या. "पैलवान! पुन्हा ओल्या फरशीवर ट्रे टेकवलास ना? मागं दोनदा सांगितलं होतं. आता ऑफिसात चिठ्ठीच पाठवते. बस घरी!"

"सिस्टर, आईशप्पथ, कुठंही टेकवला नाही. बाई, तुम्ही सांगा ना! तुमच्या हातातनं थेट ट्रॉलीवर घेतला की नाही?"

बाईंनी पुडकं छातीशी धरलं. हातातलं पुडकं कोरडं ठणठणीत होतं.

"बरं झालं धावत आलात," सिस्टर आवाज खाली आणून म्हणाल्या. "तुमच्या ट्रेतली पट्टी आम्ही बघतच नाही हो. आमेनबाईंचा ट्रे म्हणजे डोळे झाकून घ्यायचा."

बावीस वर्षं जपलेलं नाव, आणि त्या नावाच्या भरवशावर कुणी पट्टी बघत नव्हतं. चूक झाकली तर उद्याही बघणार नव्हतं. आणि ज्याच्या चेष्टेला त्या रोज मनातल्या मनात क्षमा करायच्या, तो पैलवान त्यांच्यापायी घरी बसणार होता.

"सिस्टर, हात लावून बघा. ओलं नाही हे." बाईंनी पुडकं पुढं केलं. "कच्चं आहे. वाफेत गेलंच नाही. चूक माझी आहे. आणि आत्ता खोटं बोलले, तेही मीच. याचा काही संबंध नाही."

सिस्टरांनी कापडावर हात फिरवला. आतून डॉक्टरांनी विचारलं, "ट्रे मिळाला का?"

"दुसरा घेतलाय, डॉक्टर." मग बाईंकडं न बघता त्या म्हणाल्या, "वही घेऊन ऑफिसात या." आणि दार बंद झालं.

ऑफिसनं त्यांच्या सहीचा अधिकार काढून घेतला. सही आता पैलवानाची, त्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरात. वर प्रत्येक ट्रे उघडून आतली पट्टी बघायची आणि खाली फोन करून तसं सांगायचं, असा हुकूम निघाला. मुलगी नवव्या दिवशी चालत घरी गेली. ते कळलं तेव्हा बाई मशीनमागं जाऊन पोटभर रडल्या.

मधल्या रविवारी त्यांनी साक्ष दिली. ते तयार वाक्य लिहिलेला कागद पर्समध्येच राहिला. मंगळवारचं सगळं सांगितलं, खोट्या ओल्या पुडक्यासकट. नंतर दोघीतिघी जणी त्यांच्याशी बोलायचं टाळून निघून गेल्या. ते त्यांना फार लागलं.

आता दिवसातून आठदहा वेळा फोन वाजतो. पैलवान उचलतो आणि ओरडतो, "बाई, वरच्यांनी पट्टी बघितली. काळी आहे!" पूर्वी त्यांचा शब्द पुरे होता, आता त्यांचा ट्रे पारखून घेतात. प्रत्येक वेळी बाईंना टोचतं, अगदी आजही. आणि प्रत्येक वेळी त्या म्हणतात, "आमेन."

पैलवान आता हसत नाही.