साडूंच्या मोबाईलचं कुलूप

मोबाईलशी उघड भांडण काढून त्यात जिंकलेला माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका आमच्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. बाकीचे लोक मोबाईल कमी करायचा ठरवतात, तसं स्टेटस टाकतात आणि ते किती जणांनी पाहिलं हे बघत बसतात. आमच्या साडूंनी मोबाईलच्याच युक्त्या मोबाईलवर उलटवल्या. वडीगोद्रीला हमरस्त्यावर त्यांचं बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. माणूस पन्नाशीकडे झुकलेला, अंगानं भरलेला, आणि आवाज असा की रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकवाल्यानंही आरशात बघावं. एवढ्या मोठ्या माणसानं एवढा मोठा घोळ घातला तो एका पेपरासाठी.

पेपर बी.ए.चा. लग्नाच्या वर्षीच वडिलांना लकवा झाला, दुकान अंगावर पडलं आणि शेवटच्या वर्षाची परीक्षा राहून गेली. पुढे त्यांनी बायकोला शिकवलं. ती, म्हणजे माझी मेव्हणी, शाळेत मास्तरीण झाली. यांचं तसंच राहिलं. काही वर्षांपूर्वी तिनेच बाहेरून बी.ए. करायचा फॉर्म आणून पुढ्यात ठेवला. एकेक करत सगळे विषय सुटले, इतिहास तेवढा दोनदा राहिला. नियमाप्रमाणे आता एकच संधी उरली होती. ती गेली की पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात. "मंग मी न्हाई करणार," त्यांनी मला सांगून टाकलं होतं. "पयल्यापासून बसायची हिंमत न्हाई राह्यली, साडूभाऊ." आणि दोनदा राहिला तो काही इतिहास अवघड होता म्हणून नव्हे. पुस्तक उघडलं की हात मोबाईलकडे जायचा आणि मग दोन-दोन तास ट्रॅक्टर दुरुस्तीचे व्हिडिओ चालायचे. ट्रॅक्टर यांच्याकडे कधीच नव्हता.

पहिला उपाय त्यांनी केला तो रंग काढण्याचा. मोबाईल काळा-पांढरा केला की मन त्यात रमत नाही असं त्यांनी कुठंतरी ऐकलं, अर्थात मोबाईलवरच. लगेच सगळा मोबाईल करडा झाला. नातेवाइकांच्या लग्नातले शालू करडे, वाढदिवसाचे केक करडे. साडू खूश. पण पोळ्याच्या सुमारास एका गिऱ्हाइकानं सोयाबीनच्या पानाचा फोटो पाठवून विचारलं, पीक असं का दिसतंय? यांनी फोटो मोठा करकरून पाहिला आणि कळवलं, पान ठणठणीत आहे, काळजी करू नका. तिसऱ्या दिवशी तो माणूस दुकानात आला आणि खिशातून हळदीसारखं पिवळं पान काढून काउंटरवर ठेवलं. साडूंचा चेहरा बघण्यासारखा झाला असेल. त्यांनी तिथल्या तिथं दुकानाला कुलूप लावलं, त्याच्या मागे शेतात गेले आणि अंधार पडेपर्यंत रोगट झाडं त्याच्यासोबत उपटली. एवढं होऊन मोबाईलचा रंग परत आणला का? बिलकुल नाही. तेव्हापासून फोटो आला की ते उलट फोन करतात, "फोटो बराबर आला. आता पान हिरवं हाय का पिवळं, ते तोंडानं सांगा."

मग त्यांना मोबाईलमधल्या आठवणी सापडल्या. ठरल्या वेळी ठरलेलं काम मोबाईल बोलून दाखवतो, माणसानं डोक्यात ठेवायची गरज नाही. डोकं इतिहासासाठी मोकळं राहावं म्हणून साडूंनी बाकीचा सगळा संसार मोबाईलच्या हवाली केला. दुकान, घर आणि सासरवाडी अशा तीन वेगळ्या याद्या केल्या. आमची सासरवाडी हसनाबादची. तिथे आम्ही दोघं जावई सासऱ्यांसमोर चहा घेत बसलो असताना यांच्या खिशातून एक बाई शुद्ध, गोड आवाजात म्हणाली, "सासऱ्यांना तब्येत विचारणे." मला बशी सांभाळणं कठीण झालं. साडू खिसा दाबत होते, तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "जमिनीचा विषय काढू नये." सासरे जुन्या वळणाचे, गंभीर. त्यांनी चहाचा घोट संपवला आणि शांतपणे म्हणाले, "बरी हाय म्हणा तब्येत. अन् जमिनीचा विषय मी बी न्हाई काढत."

पण खरी करामत कुलपाची. ठरावीक वेळी मोबाईल बंद करून टाकणारं एक ॲप त्यांनी घेतलं. ते उघडायला चार आकडे लागतात. ते स्वतःला माहीत असतील तर उपयोग काय, म्हणून पहिले दोन आकडे मेव्हणीने ठरवले आणि शेवटचे दोन जालन्याहून मी, आपापल्या मोबाईलवरून. एकमेकांना सांगायचे नाहीत, अशी दोघांना शपथ. पहिल्याच आठवड्यात मला तीनदा फोन आला. फोन तेवढा तिघांसाठी खुला होता, बायको, मी आणि खताचा ठोक व्यापारी. "साडूभाऊ, पूर्ण नका सांगू. सम हाय का विषम, तेवढं सांगा." मी ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी अंदाजाने आकडे टाकून पाहिले. पाच वेळा चुकल्यावर ॲपने मोबाईल चार तासांसाठी पक्का बंद केला, आता खरा आकडा टाकला तरी तो उघडणार नव्हता. दुसरा कुणी असता तर चिडला असता. साडूंचा इतिहासाचा एक अख्खा धडा त्या चार तासांत झाला. मग काय, रोज सकाळी दुकान उघडलं की उदबत्ती लावायची आणि मोबाईलला मुद्दाम पाच चुकीचे आकडे द्यायचे. तेही फुकट जाऊ नयेत म्हणून सनावळ्या टाकायच्या. "१८१८, पेशवाई गेली. १८५७, उठाव. १९४८, आपला मराठवाडा सुटला," असं मोठ्यानं म्हणत ते कुलूप घट्ट करत आणि गिऱ्हाइकं आदरानं थांबून राहत. एकदा मात्र त्यांनी असहकाराचं १९२० टाकलं आणि मोबाईल उघडला. मेव्हणीचे एकोणीस आणि माझे वीस. घाबरून त्यांनी दोघांनाही फोन केला. "जल्दी बदला आकडे, मी खाली बघून न्हाई राह्यलो."

थंडीत परीक्षा झाली. पेपर कसा गेला विचारलं तर "लिहिला" एवढंच म्हणाले. निकाल लागायच्या दिवशी त्यांनी कुलपातही फोन लागणाऱ्यांच्या यादीतून तिघांचीही नावं काढून टाकली. वाईट बातमी कानात नको, हे कारण मला नंतर कळलं. दुपारी मेव्हणीचा मला फोन आला, "दाजी, निकाल लागला, तो आधी यांना सांगायचाय, पण यांचा फोन लागत न्हाई. तुमचा लागतो का बघा." माझाही लागला नाही. तिने शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि स्कूटीवरून दुकान गाठलं.

ती अशी भर दुपारी येताना दिसली तसे साडू खताच्या पोत्यावर बसले. "थांब, लगेच नको बोलू," म्हणाले. थोड्या वेळानं, "बोल आता."

"निघाला," ती म्हणाली.

"कुणाचा?"

"तुमचा. त्रेसष्ट मार्क हायेत."

आणि तो ट्रकवाल्यांना वळून बघायला लावणारा माणूस भरल्या दुकानात लहान लेकरासारखा रडायला लागला. गिऱ्हाइकांना वाटलं, घरातलं कुणीतरी गेलं. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि पाठीवर हात ठेवून म्हणाला, "धीर धरा, शेठ." मेव्हणीला सगळ्यांना समजावून सांगावं लागलं की कुणी गेलं नाही, हे पास झाले.

हे सगळं तिने मला तिथूनच, तिच्या फोनवरून सांगितलं. मी आपलं म्हणालो, अगं, शेजारच्या चहावाल्याला फोन केला असता तर दोन मिनिटांत निरोप गेला असता, एवढ्या उन्हात कशाला गेलीस?

"दाजी, माझ्या परीक्षा चालायच्या तवा हे बाहेर लिंबाखाली लेकरू मांडीवर घेऊन बसायचे. एक बी पेपर चुकवला न्हाई. यांचा निकाल मी चहावाल्याच्या तोंडून कसा पाठवू?"

मला भरून आलं, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला. मी फोन तसाच कानाला धरून बसलो. तिकडे दुकानात गलका चालला होता आणि त्यात साडू त्या म्हाताऱ्याला, आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या हळू आवाजात, पुन्हा पुन्हा सांगत होते, "इतिहास होता, बाबा. इतिहास राह्यला होता माझा."