घट्ट वेणी

लेकीच्या कानशिलावरचे केस विरळ झालेत, हे मला तिच्या वर्गशिक्षिकेनं सांगितलं. पालकसभा संपल्यावर मला बाजूला घेऊन ती हळूच म्हणाली, "मैडम, बिटिया के बाल यहाँ से जा रहे हैं. किसी को दिखाया क्या?" मला रागच आला. बारा वर्षांच्या पोरीचे केस रोज सकाळी माझ्या हातात असतात, आणि ही बाई मला सांगणार! घरी येऊन तिला खिडकीपाशी उभं केलं, वेण्या सोडल्या आणि केस मागे सारले. दोन्ही कानांच्या वर बोट-बोट रुंद जागा मोकळी होती. तिथे नुसती लव उरली होती.

मग मी गुन्हेगार शोधायला निघाले. पहिला ठपका पाण्यावर. आमच्या माधव नगरच्या घरात बोअरिंगचं खारं पाणी येतं, म्हणून तिच्या न्हाण्यासाठी नळाचं पाणी वेगळं भरून ठेवायला लागले. मग शाम्पू बदलला. मग मोबाइलच्या नावानं बोटं मोडली. शेजारच्या काकूंनी कांद्याचा रस सांगितला, तोही चोळला. वर्गातल्या मुली आठवडाभर नाक धरून बसल्या म्हणे. आणि उरलेले केस तरी सुटे राहून तुटू नयेत, म्हणून वेण्या आणखी आवळल्या. सकाळी घातलेल्या वेणीतला एक केस संध्याकाळपर्यंत हलता कामा नये, हा माझा बाणा. माझ्या आईचाही तोच होता.

महिनाभरात त्या जागा वाढल्याच, तेव्हा फ्रीगंजमधल्या त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंना गाठलं. त्यांनी दिव्याचं भिंग लावून बराच वेळ पाहिलं. ताप आला होता का, खाणंपिणं कसं आहे, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "चोटी कौन बनाता है?"

"मैं ही बनाती हूँ," मी ऐटीत म्हणाले. "किसी और को हाथ नहीं लगाने देती."

"तो बाल इसी से गए हैं. रोज़ इतना खींचेंगे तो जड़ कब तक टिकेगी?"

मला हसूच आलं. वेणीनं कुठे केस जातात? मी म्हणाले, "डॉक्टर साहब, हमारे घर में तो सब ऐसे ही बनाते हैं. मेरी माँ, मेरी मौसियाँ, सब."

"और उनके माथे कैसे हैं?"

मी उत्साहानं सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आमच्या माहेरच्या बायकांची कपाळं मोठी. भाग्याचं लक्षण म्हणून आम्ही ती मिरवत आलो. मुलगी दाखवतानासुद्धा त्याचा उल्लेख व्हायचा. डॉक्टरबाईंनी ते भिंग माझ्या कपाळाकडे वळवलं, कानशिलं पाहिली आणि नुसती मान हलवली. इतक्या बायकांपैकी एकीलाही कधी शंका आली नव्हती. मलाही नाही.

"मेरा छोड़िए, इसके वापस आएँगे ना?" मी विचारलं.

"कुछ जड़ें ज़िंदा हैं. बाकी का अभी नहीं कह सकती. चोटी बंद, ये दवा लगाइए, छह महीने बाद देखेंगे." मग त्या लेकीकडे वळल्या. "बेटा, दर्द होता था?"

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "थोड़ा."

स्कूटरवर घरी येताना मला जुनं आठवत राहिलं. 'आई, जोरात नको ना,' असं ती कधीतरी म्हणायची. पहिली-दुसरीत असताना. 'डोकं हलवू नकोस,' एवढंच माझं उत्तर असायचं. नंतर ती म्हणायची थांबली, आणि मला वाटलं, पोरगी शहाणी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषध लावायला बसले. कपाळाच्या कडेला लावायचं, म्हणून तिच्यासमोर बसावं लागलं. इतकी वर्षं मी तिच्या पाठीमागे उभी असायचे. मी बोट पुढे केलं मात्र, तिनं डोळे गच्च मिटले, दात आवळले आणि दोन्ही हातांनी स्टुलाची कड पकडली.

"अगं, वेणी नाही घालत. औषध लावतेय."

"माहितेय," ती म्हणाली. पण तिनं कड सोडली नाही.