सारामावशीचं शरबत

रामल्याच्या बाजारात मी कोथिंबिरीची जुडी हुंगून बघत होते, तेव्हा सारामावशीच्या लेकाचा, योसीचा फोन आला. "इमा गेली," एवढंच तो म्हणाला. इमा म्हणजे आई. सारामावशीला दवाखान्यात ठेवलं होतं खरं, पण शब्बाथच्या आधी, म्हणजे शुक्रवारच्या संध्याकाळपर्यंत, घरी सोडतील असं सगळेच धरून चाललो होतो, आणि मी तिच्या आवडीच्या माशांच्या कालवणाची तयारी करत होते... कोथिंबीर हातात तशीच धरून घरी आले आणि ओट्यापाशी उभी राहून पोटभर रडले. त्याला आता काही आठवडे होऊन गेले.

मी नगरकडची ख्रिस्ती बाई. नवरा गेल्यावर म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायच्या कामावर इस्राएलला आले. सारामावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली यहुदी, मूळची पेणची, तरुणपणी मुंबईहून इथे आलेली. निघाली त्या दिवशीची मराठी तिनं जशीच्या तशी जपली होती. माझं नाव एस्तेर, त्यामुळे तिच्या लेकाला, योसीला, मी आधी यहुदीच वाटले. गळ्यातला क्रूस दिसल्यावर त्याचा चेहरा पडला. मावशी मात्र खो खो हसली. "नाव आमचं, देव तुझा. र्‍हा गो इथंच, मला मराठी बोलायला माणूस होवा!"

गुरुवारी संध्याकाळी ती काळ्या मनुका धुऊन भिजत घालायची. शुक्रवारी त्या हातानं कुस्करून, फडक्यातून पिळून शरबत करायची आणि दिवे लागले की त्यावर प्रार्थना व्हायची. दुकानांत द्राक्षारसाच्या बाटल्या रांगेनं उभ्या, पण ही बाई ऐकेल तर शपथ. कोकणात द्राक्षारस कुठून मिळणार, म्हणून तिच्या आजी-पणजीनं मनुकांवर भागवलं, आणि नाइलाजाची ती गोष्ट पुढे रीत होऊन बसली. पहिल्या शुक्रवारी तिनं मला घोटभर दिलं आणि माझे डोळे भरून आले. आमच्या गावच्या देवळात प्रभुभोजनाच्या प्याल्यात हेच असायचं! माझी आई शनिवारी मनुका भिजवायची. दृढीकरण होऊन प्रभुभोजन घ्यायचा हक्क मिळाला नव्हता तोवर मला त्या पातेल्याला बोटही लावू देत नसे.

म्हणूनच पुढे योसीनं अडवलं तेव्हा मला त्याचा राग आला नाही. वाईट मात्र वाटलं. मावशीचे हात थरथरायला लागले होते, पिळता पिळता पातेलं कलंडायचं. मी सहज पुढे झाले तर तो दारातून ओरडला, "इमा, असूर!" म्हणजे निषिद्ध. परधर्माच्या माणसाचा हात लागलेला रस शब्बाथच्या प्रार्थनेला चालत नाही, असं त्याचं म्हणणं. पुढच्या शुक्रवारी त्यानं बाटली आणली. मावशीनं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि शब्बाथभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिचं सगळं माहेर त्या पातेल्यात होतं, हे त्या बिचाऱ्याला कसं कळावं? तिचं जेवण तुटलं. मला भीती वाटायला लागली की शरबताबरोबर ही म्हातारीही सुटणार हातातून...

त्यानंतरच्या गुरुवारी तिनं मनुका भिजत घातल्याच. शुक्रवारी योसीला मुद्दाम समोर बसवलं आणि मला म्हणाली, "एस्तेर, तू मनुकांना हात लावू नको. माझे हात धर." मी तिच्या मुठी बाहेरून धरल्या. मी तिचे हात दाबायचे, तिनं मनुका दाबायच्या. "हळू गो, बिया चुरडतील, कडू होईल." थरथर थांबली. रस पातेल्यात पडायला लागला. तिनं लेकाला विचारलं, "आता बोल, कोणाचा हात लागला?" योसीनं हसून मान हलवली आणि तो बाटली उचलून घेऊन गेला. त्या शुक्रवारपासून मावशी पुन्हा जेवायला लागली. तिच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत आम्ही दोघी असंच शरबत करत होतो. माझा देव तिच्या देवाहून वेगळा, असं त्या ओट्यापाशी मला कधीच वाटलं नाही.

आता मी लोदला दुसऱ्या आजींकडे असते. परवाच्या शुक्रवारी योसीचा फोन आला. तोही लोदलाच राहतो. मोडक्या मराठीत म्हणाला, "दोनदा केलं. कडू होते. तू ये." गेले. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले आणि तोंडानं सांगत गेले. तो बाह्या सरसावून पिळत होता. "हळू, बिया चुरडतील," म्हटलं, तर तो थांबला, नाक ओढलं आणि पुन्हा पिळायला लागला. निघताना त्यानं एक लहान बाटली भरून माझ्या हातात दिली. "तुझ्यासाठी." तिचं मी काय करणार हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

इथे रविवारी सगळा देश कामावर असतो, म्हणून आमची मराठी उपासना याफोला शनिवारी होते. दुसऱ्या दिवशी मी ती बाटली पाळकसाहेबांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी बूच काढून वास घेतला आणि गावाकडच्या माणसासारखे एकदम खुलले. "अहो एस्तेरबाई, हे कुठून आणलंत?"

"घरून," मी म्हटलं.