जेवणाआधीची प्रार्थना

"ए बाई, हात जोडून इथे कुणाला बोलावतेस? तांदळासाठी बाटलेली माणसं. जा, जिन्यात बस."

साहेब शांताबेनला म्हणाले. रावपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात ती साफसफाई करते. जेवणाच्या सुट्टीत टेबलाच्या कडेला बसून तिनं भाकरीपुढे डोळे मिटले, एवढाच गुन्हा. एकजण हसला. बाकीच्यांनी भाजी वाढून घेतली.

आणि मी काय म्हणाले? "जा शांताबेन, बाहेर बसून कर तुझं ते."

तुझं ते. कसलं तिचं? माझंच होतं. तिला मीच शिकवलं होतं. गोत्रीला माझ्या घरी दर गुरुवारी बायकांचा बायबलचा वर्ग भरतो. "चारचौघांत असा, कुठंही असा, घास घेण्याआधी प्रभूचे आभार माना. लाजायचं नाही," असं मी ठासून सांगायची. ऑफिसात स्वतः काय करायची? डब्याची कडी काढताना मान खाली घालायची आणि मनातल्या मनात उरकायची. कडी घट्ट बसलीय असं दाखवायचं. अकरा वर्षं हेच.

साहेब जुन्या मराठी घराण्यातले. आडनावावरून मला त्यांच्यातलीच समजायचे. "आपली माणसं" म्हणायचे. माझ्या आजोबांच्या ओंजळीत गावानं न शिवता वरून पाणी ओतलं, आणि त्यांच्या नातीला हे "आपली माणसं" गोड लागायचं. थू माझ्या जिण्यावर.

शांताबेननं भाकरी परत डब्यात ठेवली. डबा उचलून गेली. गुरुवारी वर्गाला मात्र आली. मी प्रार्थना सुरू केली, सगळ्यांनी डोळे मिटले. ती माझ्याकडे बघत राहिली. निघताना रोजच्यासारखा सलाम केला नाही. एवढंच म्हणाली, "बेन, तुम्ही सांगितलं तेवढंच मी केलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर डबा उघडला, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "प्रभू, या अन्नाबद्दल तुझे आभार." डोळे उघडले तर साहेबांचा घास हातातच.

"तुम्ही पण?"

"आजोबांपासून. शांताबेनला मीच शिकवलं. तिला आत बोलवा."

"ते जमणार नाही."

"मग मीही इथे जेवणार नाही."

डबा घेऊन जिन्यात गेले. शांताबेननं सरकून जागा दिली नाही. बरोबर केलं तिनं. मी एक पायरी खाली बसले.

साहेबांनी काय केलं ते मी मोठ्या ऑफिसला लिहून दिलंय. मी काय बोलले तेही लिहिलंय. नोकरी जाईल म्हणतात. जाऊ दे. वर्ग मी बंद केला. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "झालं ते झालं, बाई. तुमच्याकडे बघून बायका शिकतात."

त्याचीच तर भीती वाटते. ज्या टेबलावरून मी शांताबेनला उठवलं, तिथं बसून ती उघड प्रार्थना करत नाही, तोवर मी कुणालाही हात जोडायला शिकवणार नाही.