भोलाले मराठीत विचारलं

"सिव्हिअर इंटलेक्चुअल डिसॅबिलिटी," डॉक्टर म्हणाले. म्हणजे बुद्धीची वाढ फारच कमी, स्वतःचं काहीच करता येत नाई.

"अहो साहेब, हा ट्रकचं चाक एकटा खोलते!" मी म्हणलं. ते फाईलच पाहून राह्यले होते.

भोला माझा दीर, चोवीस वर्षांचा. मी समुद्रपूरची, सासर छत्तीसगडचं. समुद्रपूरजवळ जाम गावच्या चौकात नवऱ्याचं पंक्चरचं दुकान आहे. सासू गेल्यावर भोलाले आम्ही इकडं आणलं. मी कामावर गेली की त्याले घरात बंद करून बाहेरून कडी लावावी लागे. सिंदी मेघे गावात अशा लोकांसाठी कार्यशाळा आहे, पण तिथं दवाखान्याचा रिपोर्ट लागते अन् सिव्हिअरवाल्यांना घेत नाईत. म्हणजे जन्मभर कडीच!

आय.क्यू. टेस्टमध्ये प्रश्न विचारून, ठोकळे मांडायले लावून बुद्धी मोजतात. टेस्टवाल्या बाईंनी मले बाहेर बसवलं अन् सगळं मराठीत विचारलं. म्हणे, एक शब्द बोलला नाई. अरे, त्याले मराठी येतच नाई, तर बोलणार काय, कपाळ?

नवरा म्हणे, "जाने दे ना, बड़े डॉक्टर हैं." या माणसाचं तोंड दुकानात दिवसभर चालते, दवाखान्यात मात्र दातखीळ बसते.

मग टेस्ट पुन्हा घ्या म्हणून दवाखान्यात माझ्या चकरा सुरू झाल्या. एका खिडकीवर म्हणाले, याचं आधार कार्ड छत्तीसगडचं आहे, तिकडंच दाखवा. मी हटली नाई. चौथ्या खेपेले मोठ्या मॅडम भेटल्या. "यांना आत काऊन नाई घेतलं?" माझ्याकडं बोट करून त्या टेस्टवाल्या बाईंवर चिडल्या. "तुम्ही बसा, त्याच्या बोलीत विचारा."

मी छत्तीसगढीत विचारलं. भोला गप्प! मी त्याचा खांदा हलवला. "अरे, बोल ना बाबा!"

त्यानं दाराकडं पाहिलं, मग हळूच म्हणाला, "भउजी, इहाँ गोठियावँव का?"

वहिनी, इथं बोलू का?

मले एकदम आठवलं. तो नवा आला तेव्हा चौकातले लोक त्याच्या बोलीले हसत, म्हणून मीच दटावलं होतं, परक्यासमोर तोंड उघडू नको. त्यानं ते इमानानं पाळलं, अन् मी मूर्ख जगाशी भांडत होती.

"बोल," म्हणलं. मग असा सुटला की मॅडमलेच थांबवावं लागलं. रिपोर्ट 'मॉडरेट' आला, म्हणजे शिकवलं तर कामं जमतात. कार्यशाळेनं त्याले घेतलं. त्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाई.

तुमचं माणूस परमुलखातून आलं असलं, तर टेस्टच्या खोलीत त्याच्या बोलीचं कोणीतरी बसवाच. नाई म्हणाले तरी हटू नका. अन् त्याले गप्प राहायले कोणी सांगतलं का, ते पहिले घरात विचारा.

त्या टेस्टच्या दिवशी परतताना बसमध्ये मी भोलाची माफी मागतली. त्याचं लक्षच नव्हतं. तो कंडक्टरशी छत्तीसगढीत बोलून राह्यला होता. कंडक्टर हसला.

हसू दे, म्हणलं, तू बोल.